काचेपलीकडचे फवारे

मुलीने मोबाइल माझ्यापुढे धरला. शनीच्या एका चंद्राच्या भेगांतून बर्फाचे फवारे उडत होते, काळ्या आभाळावर पांढरे. "पप्पा, यान जवळून गेलं, पण त्याला तिथं उतरता नाही आलं," ती म्हणाली.

मला नवागामच्या कापड कारखान्याचं काचेचं दार आठवलं. बाबा वॉटरजेट लूमवर होते. तिथे धागा पाण्याच्या झोतानेच पलीकडे जातो, त्यामुळे आत कायम तुषार उडायचे. खडखडाट इतका, की कारागीर हातांनीच बोलायचे. बाबांना घरीही तीच सवय होती. मिशी पिळली की समजायचं, गावाकडचा त्यांचा भाऊ, गोपाळकाका.

गावाकडून फोन आला तेव्हा आईने मला पळवलं. "जाय, तुना बापले सांग, गोपाळ गया." मुलांना आत सोडत नसत. मी काचेबाहेरून मिशी पिळली आणि डोळे मिटून मान टाकली.

बाबांना कळलं. त्यांचं तोंड उघडलं, पण माझ्यापर्यंत काहीच आलं नाही. तेवढ्यात मागचा लूम धागा तुटून थांबला, आणि ते वळून गाठ मारू लागले. मला रागच आला. सख्खा भाऊ गेला आणि हे गाठ मारताहेत. फवाऱ्यांआड त्यांची पाठ हलत होती. ती कामाने हलतेय, असंच मी कित्येक वर्षं समजत होतो.