खाऱ्या मुणग्याची मुडी

चिपळूणहून आत्याबाईंच्या खाडीकाठच्या गावी जाऊन येणं ही एका दिवसाची सहल. ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात मला ती दोनदा करावी लागली, कारण मी बॉटनी घेऊन बी.एस्सी. झाले होते.

आत्याबाई माझ्या यजमानांच्या आत्या. गुडघे गेल्यामुळे त्यांनी खाडीलगतची खारी जमीन दुसऱ्याला अर्धेलीने दिली होती आणि तो सुधारित बियाणं पेरणार होता. खाऱ्या पाण्यात तग धरणारं त्यांचं लाल भात, खारा मुणगा, आता संपणार हे कळताच मी पिशवी उचलली. आमच्या परसातल्या वाफ्यात मी ते जगवणार होते.

पहिल्या एसटीने तीन तासांत रत्नागिरी. स्टँडवर उसळपाव, मग दुसरी एसटी आणि शेवटी सड्यावरून, उघड्या कातळावरून, मैलभर चाल. छत्री न्या, सावलीला झाड नाही. जेवायला लाल भात, कुळथाचं पिठलं, सुकटीची चटणी.

"बियाणं चुलीवरच्या मुडीत हाय. वायच थांब," आत्याबाई म्हणाल्या.

मुडी म्हणजे पेंढ्यात गच्च बांधलेलं बियाणं. ती धुराने काळी झालेली. धुरात बियाण्याचा जीव गुदमरतो, असं व्याख्यान मी दिलं आणि त्या ताक आणायला आत जाताच अंगणात वाळणारं टपोरं भात पिशवीत भरलं. पिशवी बघून त्या म्हणाल्या, "ने हो. खायाला ग्वाड लागतं."

घरी भात भिजवून ओल्या गोणपाटात बांधलं. चार दिवसांनी मोड नाही, नुसता आंबूस वास. मी कार्ड टाकलं: "तुमच्या बियाण्यात जीव नाही. साठवण चुकते आहे." खाली सही, पदवीसकट.

उत्तर आलं: "तू नेलंस ते उकड्या तांदळासाठी टरफलासकट उकडलेलं भात. मुडी तशीच आहे. लवकर ये, नाहीतर तीही कांडायला जाईल."

गेले. आत्याबाई पडवीत मुडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "कालेजात शिजवून पेरतात काय गो?" शेजारणी पदर तोंडाला लावून हसल्या. या वेळी मी पिठलं व्याख्यानाविना जेवले. परतताना कंडक्टरने मुडीचं लगेज-तिकीट फाडलं. पदवीचं वजन त्याने धरलं नाही.

तिसऱ्या दिवशी मोड आले.

आत्याबाई गेल्या, त्यांच्या खाजणात, त्या खाऱ्या जमिनीत, मुणगा उरला नाही. माझ्या वाफ्यात दरवर्षी उगवतो. कोणी बियाणं मागायला आलं की आधी एक दाणा सोलून दाताखाली फोडायला लावते. आतून पिठूळ पांढरा असला तर पेरा, काचेसारखा असला तर जेवा. पदवी कोणाची विचारत नाही.