मोकळ्यावर जा

स्क्रीनवरची रेघ थांबायला तयार नव्हती. सकाळचे दहा वाजून गेले होते, चहा टेबलावर तसाच गार झाला होता.

पाटण तालुक्यातल्या आमच्या भूकंपमापन केंद्रात रेघ हलण्याचं कुणाला अप्रूप नाही. कोयनेकाठची जमीन अधूनमधून कुरकुरतेच. भूकंपाची पहिली लाट वेगाने येते, तिला आम्ही पी म्हणतो. मागून रेंगाळत येते ती एस. दोघींमध्ये जितका वेळ जास्त, तितका भूकंप लांबचा. आमच्या घरच्या भूकंपात हा वेळ काही सेकंदांचा असतो. त्या दिवशी तो चार मिनिटांच्या आसपास होता. दिशा पाहिली, अंतर काढलं. बंगालच्या उपसागराच्या तळाशी काहीतरी भयंकर झालं होतं.

मुख्य कार्यालयातल्या आमच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "रीडिंग पाठवा. त्सुनामी हा शब्द मात्र तोंडातून काढू नका. ते ठरवणारं केंद्र वेगळं आहे. त्यांचं बुलेटिन येऊ द्या."

साहेबांचं अगदीच चूक होतं असं नाही. मागे आमच्यातला एकजण टपरीवर सहज काही बोलून गेला होता आणि दोन गावं बायकापोरांसकट शेतात जाऊन बसली होती. मी रीडिंग पाठवायला घेतलं.

एवढ्यात आमचे वॉचमन बाबूराव आत आले. त्यांचा संदीप फौजेत. पोस्टिंग त्याच उपसागरातल्या एका बेटावर. मुलाचा फोन आला होता, म्हणून चेहरा खुलला होता.

"आवं मॅडम, लय हादरलं म्हणं तिकडं. पर पोरगं ठीक हाय. समदी भाईर येऊन वाळूवर बसल्यात. तुमी शाळेत शिकवल्यालं ध्येनात हाय त्येच्या. म्या बी सांगितलं, तितंच थांब, आत जाऊ नगंस."

संदीप सातवीत असताना मी त्याच्या शाळेत गेले होते. दरवर्षी जाते. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून देते: हादरा बसला की मोकळ्यावर जा. आमच्या खोऱ्यात हे वाक्य पोरांना पाढ्यांसारखं पाठ असतं. आणि त्या बेटावर मोकळं म्हणजे समुद्राचा काठ.

तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं, की त्याला डोंगरावर चढायला सांगा. मी सांगितलं नाही. मी पुन्हा साहेबांना फोन लावला, विचारून घ्यावं म्हणून. वीस वर्षांच्या नोकरीत अंगात मुरलेली सवय. लाइन बिझी. परत लावला. साहेब म्हणाले, थांबा. मी थांबले. बाबूराव दारात उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

मग मात्र मी फोन ठेवला आणि म्हणाले, "बाबूराव, त्याला लावा. म्हणावं, वाळू सोड आणि उंचावर पळ. आत्ताच्या आत्ता."

त्यांनी लावला. लागला नाही. मी माझ्या फोनवरून लावला. तोही लागला नाही. आम्ही दोघं आळीपाळीने लावत होतो, तेव्हा बुलेटिन आलं. त्यात तो शब्द होता.

तिसऱ्या दिवशी संदीपच्या युनिटमधून निरोप आला. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीकडे गेलेले जवान वाचले होते. वाळूवर बसलेल्यांतलं कुणी नाही.

मी त्यांच्या घरी गेले. चूक माझी झाली, एवढंच कसंबसं म्हटलं. बाबूराव म्हणाले, "तुमचं आन् माजं, दोगांचं ऐकलं त्येनं. गुणाचं हुतं पोरगं."

चौकशी झाली नाही, कारण नियमाप्रमाणे माझं काही चुकलंच नव्हतं. रीडिंग वेळेत पोचलं होतं, साहेबांनी त्याबद्दल शाबासकीही दिली. ती मला अजून टोचते.

शाळांमध्ये मी अजूनही जाते. फळ्यावर आता दोन वाक्यं लिहिते. हादरा बसला की मोकळ्यावर जा. समुद्राजवळ असाल तर कुणाला न विचारता उंचावर पळा. दुसऱ्या वाक्याला पोरं हमखास हसतात. परवा एकीने विचारलं, "मॅडम, पाटणात कुटला समुद्र?"

इथली निम्मी पोरं फौजेत जातात, हे मी तिला सांगितलं नाही. फक्त वही उघडायला लावली.