दोघींची कंबर
चिकटपट्टी उकलताना येणारा वास आला, की मला बुलढाण्यातली फिजिओथेरपीची ती खोली आठवते. मुलगी अडीच महिन्यांची होती आणि तिला पाळण्यातून उचलताना कंबरेतून अशी कळ यायची, की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी सासूबाई मला आमच्या धाड गावाहून एसटीने तिथे घेऊन आल्या. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की कंबरेला पट्ट्या चिकटवून मशीनने बारीक करंट देतात, त्याने आखडलेले स्नायू मोकळे होतात. सासूबाई लेकरासकट उठून उभ्या राहिल्या. "करंट? लेकरू अंगावर पिते तिच्या! आधी मले लावा." बाईंना हसू आलं, पण त्यांनी हृदयाचा त्रास वगैरे विचारून, लेकरू माझ्याकडे देऊन खरंच सासूबाईंना पालथं झोपवलं. बटण फिरलं तसा त्यांनी माझा हात गच्च धरला. "मुंग्या येऊन राह्यल्या वं." मग हळूहळू पकड सैल झाली. मशीन थांबलं तरी त्या उठेनात. पाहते तर डोळे ओले. "आई, लय दुखलं काय?" मी घाबरले. "नाही वं. तीस वर्सांत आज पयल्यांदा थांबलं." माझ्या नवऱ्याच्या जन्मापासून त्यांची कंबर दुखत होती. "मंग तुमी सांगितलं काऊन नाही?" त्या साडी सारखी करत म्हणाल्या, "कोणी इचारलंच नाही." पुढचा महिनाभर आम्ही दोघी त्या खोलीत शेजारशेजारच्या खाटांवर पालथ्या पडून गप्पा मारायचो. आता मी दूर राहते. फोन लागला की आधी त्यांच्या कंबरेचं विचारते. त्या रागावतात, पण उत्तर मात्र सविस्तर देतात.