सांधलेली रानजाई
करी रोडच्या टॉवरमध्ये राहायला आल्यावर बाबांनी गावाहून रानजाईची वेल आणून खिडकीच्या ग्रिलवर चढवली. एकदा ग्रिल पुसताना माझ्याच हातून तिची फांदी तुटली. बाबांचा जन्म गिरणीत तुटलेले धागे सांधण्यात गेलेला. त्यांनी दोरा आणला आणि दोन्ही टोकं गाठ मारून जोडली.

"बाबा, वेल आहे ती, सूत नाही!" मी खेकसले.

वरची फांदी चार दिवसांत वाळली, पण ते मला कापू देईनात. पुढे गाठीच्या खालून कोंब फुटला, त्याच वाळक्या फांदीला धरून वर चढला आणि पांढऱ्या फुलांनी भरला.

"बघ, सांधली की नाही?"

"सांधली, बाबा."

वाळकी फांदी मी अजून कापलेली नाही.