लवकर निघणारा नायक

मनमाड सोडलं त्या दिवशी गाडीला पाऊण तास अवकाश होता आणि आम्ही फलाटावर हजर होतो. माझ्या अधू डाव्या पायाला कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा आधार, त्यामुळे आमच्या घरात कुठेही जायचं तर लवकर निघायचं, ही रीतच होती. वडील, म्हणजे अण्णा, रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन. माझी बॅग त्यांच्याच हातात. गाडीत चढल्यावर मी मागितली तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, तुला नाय झेपायची." नोकरीला निघालेल्या सव्वीस वर्षांच्या माणसाला, अख्ख्या डब्यासमोर! निफाड येईपर्यंत मी नुसता चडफडत होतो.

नाशकात इंदिरानगरला खोली घेतली, एका छापखान्यात प्रूफं तपासू लागलो आणि कथा लिहू लागलो. त्या कथांमध्ये मी सगळा राग काढला. माझे नायक पळायचे, भिंतींवरून उड्या मारायचे, नायिकेला उचलून घ्यायचे. एकाचाही पाय कधी साधा मुरगळला नाही. दिवाळी अंकात छापून आलेल्या कथेत तर नायक मनमाडच्या फलाटावर धावत सुटतो आणि चालत्या गाडीत चढतो. अंक मोठ्या तोऱ्यात घरी पाठवला.

अण्णांचा फोन आला. "चालत्या गाडीत चढणं गुन्हा हे, म्हाईत नाय का तुला?"

"अण्णा, कथा आहे ती."

"आन् हा पळणारा कोन? लवकर यायचं ना त्यानं! तू शाळेला सगळ्या गल्लीच्या आधी निघायचा. एक दिवस उशीर नाय केला. लय मर्दाचं काम हे ते. ते लिव की."

फोन ठेवून मी खूप हसलो, आणि मग रडलोही. अण्णांनी ते सगळं पाहिलं होतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

नव्या कथेतला नायक कॅलिपर लावतो, अर्धा तास आधी येतो आणि बाकावर बसून दोन चहा पितो. धावत येते ती नायिका, घामाघूम होऊन. पंचवटीतल्या एका वाचनालयात कथावाचन ठरलं, तेव्हा अण्णांना बोलावून घेतलं.

नाशिकरोड स्टेशनवर मी अर्थातच आधी पोचलो होतो. अण्णा उतरले. हातात बाजरीची भलीमोठी पिशवी. सवयीने मी हातसुद्धा पुढे केला नाही. त्यांनीच ती माझ्यासमोर धरली.

"धर. जड हे."

मनमाडकरांनो, तुम्ही फोनवर सारखं विचारता, "घरी कधी येतोस?" तर ऐका. त्या दुपारी इंदिरानगरचे दोन जिने मी ती पिशवी घेऊन चढलो. दोनदा थांबलो. अण्णाही मागे थांबले, पण पिशवी काही त्यांनी परत मागितली नाही. मी कुलूप उघडलं आणि म्हणालो, "या अण्णा, घर आलं."