मावशीचे यजमान आणि आमचा काटा

आमच्या हिच्या मावशीचे यजमान जगातल्या एकाही आकड्यावर पहिल्या झटक्यात विश्वास ठेवत नाहीत. दहा वाजले म्हणून सांगा, "कुणाच्या घड्याळात?" हा त्यांचा पहिला प्रश्न. एकदा दवाखान्यात नर्सने त्यांचं वजन सत्तर किलो सांगितलं, तर हा गृहस्थ काट्यावरून उतरला, काटा उलटा केला, त्याचे चारही पाय दाबून पाहिले आणि आतल्या डॉक्टरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "एक पाय हलतोय. सकाळपासूनचे सगळे पेशंट चुकलेत." त्यात त्यांचा दोष नाही. काकांचं उभं आयुष्य फुजैराच्या बंदराजवळ ट्रक तोलायचे भुईकाटे तपासण्यात आणि दुरुस्त करण्यात गेलं. ज्याने तीस वर्षं काट्यांचं खोटं पकडलं, त्याने घरी आल्यावर एकदम भोळं व्हावं अशी अपेक्षा मावशीनेही कधीच सोडून दिली आहे.

दुबईला आले की मावशी त्यांच्याबरोबर बर दुबईत भाजी घ्यायला जायची, पण दुकानात त्यांच्यापासून चार हात लांब उभी राहायची. काका आधी रिकामी ताटली बोटाने दाबणार, सोडणार, शून्य परत येतं का ते पाहणार आणि मगच भेंडीला हात लावणार. तिथला मलबारी दुकानदार त्यांना रस्ता ओलांडताना पाहूनच ओरडायचा, "हबीबी, आज सब ठीक है, सुबह चेक किया!" काका मान डोलवायचे आणि तरीही ताटली दाबायचे. जेवतानाही तीच तऱ्हा. पुरणपोळ्या किती वाढू विचारलं की म्हणतात, "दोन. प्लस मायनस एक." यातलं मायनस आजवर कोणी पाहिलेलं नाही. आमच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा खिशातून चिमुकली पाणसळ काढून त्यांनी टेबलावर ठेवली, बुडबुडा एका बाजूला गेलेला पाहून माझ्याकडे दयेने बघितलं आणि माझंच व्हिजिटिंग कार्ड दुमडून टेबलाच्या पायाखाली सारलं. त्या कार्डाचा इतका उपयोग ऑफिसातही कधी झाला नव्हता.

हे सगळं मी नातेवाइकांत रंगवून सांगतो, हसवतो. पण खरं सांगायचं तर या माणसाचे आमच्यावर जे उपकार आहेत त्यांच्यापुढे माझं हसणं म्हणजे निव्वळ कृतघ्नपणा आहे.

आमच्या लेकीला जन्मापासून एक दुखणं आहे. प्रथिनं तिच्या शरीराला नीट पचवता येत नाहीत. ठरल्यापेक्षा जास्त पोटात गेली, आणि जातच राहिली, तर मेंदूला इजा होते, असं डॉक्टरांनी ती तीन आठवड्यांची असतानाच सांगितलं होतं. म्हणून तिला दुधाऐवजी वेगळी पावडर द्यायची, ती तोलून. भात तोलून, बटाटा तोलून, वाढदिवसाचा वेगळा केलेला केकसुद्धा तोलून. दर महिन्याला रक्त तपासायचं. आमच्या स्वयंपाकघरात एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आहे आणि घरात देव्हाऱ्याखालोखाल मान त्यालाच.

तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सकाळी तो काटा बिघडला. लेक तेव्हा पाच वर्षांची होती. पावडरीचे नेहमी तीन सपाट चमचे भरायचे, त्या दिवशी चौथा घातला तरी आकडा पुरा होईना. बायकोचा हात तिथेच थांबला. "काल रात्रीचा भात," ती म्हणाली, "मला वाटी जरा जास्तच भरल्यासारखी वाटली होती." काटा कमी दाखवत होता, म्हणजे आम्ही लेकीला जास्त वाढत होतो. डॉक्टरांना फोन केला. एका जेवणाने काही होत नाही, पण काटा आधी नीट करा, असं ते म्हणाले. मग मी कामाला लागलो. म्हणजे बॅटरी बदलली, बटण दाबून ठेवलं, बंद करून चालू केला, दोन व्हिडिओ पाहिले आणि शेवटी काट्याला एक हलकी चापटही मारली. त्याने काहीच फरक पडला नाही. नवा काटा मागवला, तो यायला तीन दिवस होते. बायको सफरचंद चिरत होती, कारण ते लेकीला न तोलता चालतं, आणि चिरता चिरता डोळे पुसत होती. मी फुजैराला फोन लावला.

"जावईबापू, त्याला आता हात लावू नका," काका म्हणाले. "चापट मारलीत का?"

"हलकीच," मी म्हणालो.

"निघालो," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. सणाचं ताट टाकून ते दीड तासाच्या रस्त्याला लागले होते, हे आम्हाला मागाहून मावशीकडून कळलं.

आल्या आल्या त्यांनी एसी बंद करायला लावला. वाऱ्याने छोट्या काट्याचा आकडा हलतो म्हणे. दुबईचा ऑक्टोबर, पाच मिनिटांत आम्ही सगळे घामाने निथळू लागलो. ओटा समतल आहे का पाहिलं, शेजारचा मोबाइल उचलून लांब ठेवला, मग पांढरा सुती हातमोजा चढवून डबीतून चकचकीत वजनं काढली. दहा ग्रॅम ठेवलं, आकडा बरोबर आला. वीस ठेवलं, बरोबर. पन्नास ठेवलं, तर काटा पंचेचाळिसावर अडला. काकांचा चेहरा उजळला.

"बॅटरी नाही, सर्किट नाही," ते म्हणाले. "खाली काहीतरी अडकलंय. थोड्या वजनाला खरं बोलतो, जड झालं की खोटं. काय सांडलं यावर?"

"काही नाही," आम्ही दोघं एकदमच म्हणालो. बायकोचा आवाज जरा बारीक होता.

"आजोबा," सफरचंद खात बसलेली आमची लेक म्हणाली, "आई डिड पूजा. शी पुट राइस ऑन इट. रेड राइस."

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. घराघरांत अवजारांची पूजा होते. बायकोने देवापुढे ना माझा लॅपटॉप ठेवला, ना गाडीची किल्ली. तिने काटा ठेवला होता, त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, वर अक्षता टाकल्या होत्या. काकांनी ताटली अलगद उचलली. तिच्याखाली धातूची एक पट्टी असते, वजन पडलं की ती केसभर वाकते आणि त्या वाकण्यावरून आकडा येतो. त्या पट्टीखाली कुंकवाने माखलेला तांदळाचा एक दाणा बसला होता. पट्टी पूर्ण वाकायच्या आतच त्याला टेकत होती. काकांनी चिमट्याने तो दाणा उचलून तळहातावर घेतला.

बायकोला रडू फुटलं. "मीच केलं हो काका. तिचं सगळं यावरच आहे, म्हणून पूजा केली."

मला वाटलं, आता काकांचं भाषण होणार. पण ते तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "अगं, मीही करतो. दर खंडेनवमीला साठ टनांच्या काट्याला कुंकू लावतो. त्याच्यावर पोतंभर अक्षता टाकल्या तरी त्याला कळत नाही. तुझा जरा नाजूक आहे, पोरी. याला नुसता नमस्कार चालतो." मग ब्रशने कुंकू झाडलं आणि प्रत्येक वजन तीनतीनदा ठेवून पाहिलं, ताटलीच्या मध्यावर आणि चारही कडांना. घाम पुसायलाही थांबले नाहीत. शेवटी हातमोजा काढला. "खलास. आता नातीला जेवायला घाल." तिचा भात तोलून, ती शेवटचं शीत खाऊन उठेपर्यंत त्यांनी स्वतः पानावर बसायला नकार दिला. पुढच्या आठवड्यात रक्ताचा रिपोर्ट चांगला आला.

तीन दिवसांनी नवा काटा आला, तर तो तपासायलाही काका परत हजर! "नवा म्हणजे खरा असं कुणी सांगितलं?" असं म्हणत लेकीलाच पुढ्यात बसवलं, ताटली कशी काढायची, आकडा स्थिर होईपर्यंत कसं थांबायचं, सगळं शिकवलं. त्यानंतर दर महिन्याला येत राहिले.

गेल्या वर्षी काका रिटायर झाले. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो. तीस वर्षांचं घर महिन्याभरात खोक्यांत भरून मावशी आणि ते मिरजेला गेले. निघायच्या आधी लेकीने विचारलं, "आजोबा, इफ इट ब्रेक्स अगेन, हू विल कम?" त्यांनी तिला जवळ घेतलं. मी वाकून नमस्कार केला.

परवा ऑफिसला उशीर होत होता म्हणून मी घाईघाईत लेकीचा भात काट्यावरच्या वाटीत ओतला आणि लगेच वाटी उचलायला गेलो. लेकीने माझा हात धरला. "बाबा, वेट. नंबर अजून हलतोय." तिने एसीची झडप फिरवली, थांबली, दोन शितं काढली, पुन्हा थांबली आणि मग वाटी माझ्या हातात दिली. मी लिफ्टमधून बाहेर पडता पडताच मिरजेला फोन लावला आणि काकांना हे सगळं सांगितलं.

"बरं झालं सांगितलंत, जावईबापू," ते म्हणाले. "आता म्हातारं व्हायला हरकत नाही."