हात मागे बांधून

लॉन्ड्रीवाल्या काकांना कुणी काम सांगितलं आणि त्यांनी नाही म्हटलं, असं कधी झालं नव्हतं. पण फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलेलं काम त्यांच्या अगदी जिवावर आलं.

काकूंचा जन्म इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्याउभ्या गेला. गुडघे झिजायला लागले तेव्हा त्यांनी दुखणं अंगावर काढलं. मग दुकानाची पायरीही चढवेना, तशा त्या घरी बसल्या. तेव्हापासून काकांनी त्यांना जागचं हलू दिलं नाही. पाणी हातात, चपला पायाशी. उठायचं झालं की काखेत हात घालून उभं करायचं. "मला काय बाहुली समजलात?" काकू कुरकुरायच्या, पण हात पुढे करायच्याच.

फिजिओबाईंनी काकूंची मांडी दाबून पाहिली.

"काका, बसून बसून पायातली ताकद गेलीय. गुडघ्याला आधार त्या ताकदीचाच असतो. खुर्चीतून त्यांचं त्यांना उठू द्या. तुम्ही जवळ थांबा, हात मात्र द्यायचा नाही."

"आणि पडली म्हणजे?"

"तोल गेला तर धरा. नुसतं दुखतंय म्हणून नको."

रोज सकाळी खुर्ची भिंतीला टेकवायची. काकू ओठ मिटून एकेक पाय सरळ करायच्या, मग उठू बघायच्या. अर्ध्यात आल्या की धप्पकन खाली. काकांचा हात आपोआप पुढे जायचा, म्हणून ते हात मागे बांधून खिडकीबाहेर बघत राहायचे. "आई गं" मात्र ऐकू यायचंच. एकदा ते कानात घेऊन दुकानात गेले आणि गिऱ्हाइकाची कॉलर जाळून बसले.

"माझ्या हातून कधी जळली नाही हो," काकू म्हणाल्या.

हळूहळू काकू उठायला लागल्या, दारापर्यंत जायला लागल्या. दुखणं थोडं ओसरलं, गेलं नाही. काकांनी बाईंना जिन्यात गाठून विचारलं. "पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. काकांनी काकूंना ते सांगितलं नाही.

मग एका सकाळी काकूंना उठताच येईना. दोनदा उठू गेल्या, दोन्ही वेळा बसल्या. डोळ्यांत पाणी आलं.

"द्या ना हो हात."

हे नुसतं दुखणं की आणखी काही? विचारायला जवळ कुणी नव्हतं. काकांनी हात दिला. काकू उभ्या राहिल्या आणि एकदम भडकल्या.

"मी मागितला म्हणून लगेच द्यायचा?"

"मग करू तरी काय मी?"



दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या वेळी काका स्वयंपाकघरातच थांबले. बाहेर खुर्ची करकरली. दुधाला उकळी आली तरी त्यांनी गॅस बंद केला नाही.

"उभी आहे मी," काकू म्हणाल्या.

आवाज हसरा होता की रडवेला, काकांना काही केल्या कळेना.